केलेली कार्यवाही

“हवालदारसाहेब, पहिली घागर माझी होती. लिहा.”

“लिहा की. आन् हिनं माझी घागर लाथेनं उडवली, तेबी लिहा. पोचा पडलाय, हे बघा.”

दोघी बायका माझ्या टेबलापुढे उभ्या होत्या आणि टेबलावर, पुरावा म्हणून, पितळेची एक घागर आडवी पडली होती. तिच्यातले उरलेसुरले पाणी ओघळत नोंदवहीच्या दिशेने निघाले होते. मी वही उचलून छातीशी धरली. माझ्या खुर्चीत बसायची सोय नव्हती, कारण तिच्यात सकाळपासून तीन वर्षांचा एक हरवलेला मुलगा बसलेला होता आणि माझ्या डब्यातली भाकरी अतिशय गंभीरपणे खात होता.

“नळ किती वाजता आला?” मी विचारले.

“काल चारला. आज साडेदहाला. चावीवाल्याच्या मनात येईल तवा.”

“मग भांडण त्या चावीवाल्याशी करा.”

“तो सापडतो कुठं?” पहिली म्हणाली. “ही सापडती.”

यावर दुसरीला हसू आले. तिने ते पदराआड लपवले, पण भांडणातला जीव गेला तो गेलाच. मी दंडुक्याचे टोक घागरीत घालून पोचा आतून दाबून काढला. तो पुरता निघाला नाही, पण घागर पुन्हा सरळ उभी राहू लागली. दोघी एकाच घागरीला दोन बाजूंनी हात लावून निघून गेल्या. मी उभ्यानेच लिहिले: ‘वेळ ११.३०. तक्रारीचे स्वरूप: नळावरील पाळीवरून वाद, घागरीस पोचा. केलेली कार्यवाही: पोचा काढून दिला.’

या गोष्टीला आता बावीस वर्षे झाली. मी त्या वेळी माळकोट शहरात विणकर वसाहतीच्या चौकीवर हवालदार होतो. चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. वसाहतीतले हातमाग बंद पडले होते, पुरुष मिळेल त्या कामावर जात आणि बायका घरी विड्या वळत. वळलेल्या विड्या मोजून द्यायला त्या रोज सकाळी कारखान्यात जात आणि दुपार उलटल्यावर परत येत. तेवढ्या वेळात त्यांची पोरे शेजारणीच्या नजरेखाली असत. शेजारीणही विड्या द्यायला गेलेली असे. त्यामुळे पोरे हरवत आणि हरवलेली पोरे, का कोण जाणे, चालत चालत माझ्याकडे येत.

चार वर्षे मी या कशाचीच नोंद केली नव्हती. रोज संध्याकाळी ‘विशेष काही नाही’ एवढे लिहून वही मिटत असे. मग ऑगस्टमध्ये आमचे फौजदार इनामदारसाहेब चौकीवर आले, त्यांनी वही चाळली आणि कपाळाला हात लावला.

“कोरे, नगरपरिषद इथे नवी चौकी बांधून द्यायला तयार झालीय. बाजारपेठेतल्या दुकानाची काच फुटल्यापासून व्यापारी मागे लागलेत. पण सभेत विचारणार, वसाहतीत घडतं काय? आणि तुमची वही तुमच्या आडनावासारखी.”

“इथे काही घडत नाही, साहेब.”

“रोज दोन-चार माणसं येतात म्हणता ना? मग लिहा. एकही सोडू नका.”

त्यांनी आराखडा टेबलावर पसरला. खाली चौकी, वसाहतीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी फाटके, फाटकांवर आठ रखवालदार. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यावर बारीक अक्षरात लिहिले होते: हवालदार निवास.

मी त्या दोन शब्दांकडे बराच वेळ पाहत राहिलो.

माझी बायको महानंदा आणि आठ वर्षांची शिवलीला गावी माझ्या भावाच्या घरात राहत होत्या. मी ठाण्यातल्या बराकीत अकरा जणांबरोबर झोपत असे आणि महिन्यातून दोनदा गावी जात असे. पोलीस वसाहतीत माझा नंबर यायला अजून सहा वर्षे होती. शहरात भाड्याची खोली मागावी तर घरमालक नम्रपणे पाणी द्यायचे आणि खोली नुकतीच दिली म्हणून सांगायचे. पोलिसाकडे भाडे मागायचे कोणी आणि खोली सोड म्हणायचे कोणी, ही त्यांची अडचण मला समजत होती. तिच्यावर उत्तर मात्र नव्हते.

मी आराखड्यातला वरचा मजला पातळ कागदावर उतरवून घेतला आणि गावी नेला. महानंदाने तो जमिनीवर ठेवून उदबत्तीच्या काडीने दाखवले, भांड्यांची मांडणी या भिंतीला, शिवलीलाचा अभ्यास या खिडकीत. शिवलीलाने खिडकीत पेन्सिलने स्वतःचे चित्र काढले, दोन वेण्यांसकट. तो कागद मी चौकीतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि लिहायला लागलो.

एकही सोडला नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो, आणि नोकरीत येऊन दहा वर्षांत पंचनाम्याच्या पलीकडे काही लिहिले नव्हते. आता मला लिहिण्याची चटक लागली.

नोव्हेंबर लागल्यापासून रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास नरसय्या मामा येत. सत्तरी ओलांडलेले विणकर, चष्म्याला दोरी बांधलेली. बायको वारलेली, दोन्ही मुलगे भिवंडीला यंत्रमागावर. ते दारातच उभे राहत आणि आवाज खाली आणून सांगत,

“सायेब, घरात कोणीतरी शिरलंय.”

मी दंडुका घेऊन त्यांच्याबरोबर जाई. घर दोन खोल्यांचे. पुढची खोली मागाने व्यापलेली, आणि मागाखाली विणकराने पाय सोडून बसायचा खड्डा. मी खड्ड्यात वाकून बघे, बाजेखाली बघे, मागच्या दाराची कडी हलवून बघे.

“कोणी नाही, मामा.”

“पळालं वाटतं. तुम्ही येतालाव म्हणून कळलं असंल.” मग ते स्टोव्हकडे वळत. “आलाव तर चहा घेऊन जावा.”

मी परत येऊन लिहीत असे: ‘घरात इसम शिरल्याचा संशय. केलेली कार्यवाही: पाहणी केली. कोणी आढळले नाही. चहा घेतला.’

फेब्रुवारी संपत आला. अंदाजपत्रकाच्या सभेला दोन दिवस उरले होते, आणि वर सांगितलेली घागर त्याच सकाळची. बायका गेल्यावर थोड्या वेळाने हरवलेल्या मुलाची आजी आली. अंबुबाई कोंगारी. पन्नाशीची बाई, तंबाखूने पिवळी पडलेली बोटे, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच निवडून आलेली वसाहतीची नगरसेविका. अजूनही रोज हजार विड्या वळत होती.

“सापडला काय आमचा साहेब?” ती नातवाकडे बघून म्हणाली. “खुर्चीत बसलाय, आन् हवालदार उभा.”

“भाकरी संपेपर्यंत उठणार नाही म्हणतोय.”

ती बाकावर टेकली. माझा हात वहीवर चालत होता. तिने मान तिरकी करून पाहिले.

“काय लिहालाव रोज एवढं? मला वाचता येत न्हाई. सांगा तरी.”

मी तिला वाचून दाखवू लागलो. नळाचे भांडण. कोंबडी कुणाच्या दारात अंडे घालते त्यावरून भांडण. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला बायकोने बाहेर ठेवले, तो चौकीत येऊन झोपला, सकाळी बायको त्याला चहा घेऊन आली आणि चौकीने त्याला उगाच अडकवले म्हणून मलाच बोलून गेली. अंबुबाई आधी गालातल्या गालात हसली, मग मोठ्याने, मग डोळे पुसत म्हणाली, “पुरे हो, पोटात दुखालंय.”

मग एकदम तिने वहीची जाडी बोटांनी चाचपली.

“सगळे मिळून किती झाले?”

“आजचं धरून चारशे बारा. सभेसाठी आजपर्यंतचाच आकडा घेणार.”

“आन् सभेत काय सांगणार? विणकर वसाहतीत सात महिन्यांत चारशे बारा. एवढंच?”

“मला आकडाच विचारलाय, मावशी.”

“म्हणजे चारशे बारा गुन्हे झाले आमच्यात.” तिने वहीवर बोट ठेवले. “त्या पैशात पोरांसाठी पाळणाघर होतं. चावीवाल्याची वेळ बांधून देता येते, वर देखरेखीला एक माणूस नेमता येतो. म्हाताऱ्यांना बसायला एक खोली होती. मी दोन सभांत बोलले. म्हणाले, बाई, बसा. तुम्ही जर का हे...”

तिचे लक्ष टेबलाच्या काचेकडे गेले. वाचता येत नसले तरी दोन वेण्यांचे चित्र तिला दिसले.

“ह्या वरच्या खोल्या तुमच्या?”

“हो.”

“ही पोरगी?”

“माझी. गावी असते. आईबरोबर.”

अंबुबाईने काचेवरचा भाकरीचा तुकडा बोटाने हलकेच बाजूला केला. मग नातवाला खुर्चीतून उचलून काखेत घेतले.

“मग मी काय मागत न्हाई तुमच्याकडं,” ती म्हणाली आणि गेली.

तिने मागितले असते तर नाही म्हणणे मला सोपे गेले असते.

सभा नगरपरिषदेच्या वरच्या सभागृहात होती. तेवीस सदस्य, पंखे, लाल फडक्यात बांधलेली अंदाजपत्रके. नगराध्यक्ष बाबूशेठ मेंगाणे भल्या मनाचे पण घाईचे गृहस्थ होते. जेवायच्या आत सभा संपवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. मी आणि इनामदारसाहेब भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसलो. वही माझ्या मांडीवर होती. काचेखालचा कागद मी सकाळी काढून खिशात ठेवला होता. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आले नसते.

“सार्वजनिक सुरक्षा,” बाबूशेठ म्हणाले. “विणकर वसाहतीची नवी चौकी, फाटकं, रखवालदार. हवालदार, आकडा सांगा.”

मी उभा राहिलो. “चारशे बारा, साहेब.”

सभागृहात कुजबूज उठली. बाजारपेठेकडच्या बाकांवर माना हलल्या.

“ऐकलंत? सात महिन्यांत चारशे बारा. मंजूर समजायचं?”

“माझी उपसूचना हाय,” अंबुबाई उभी राहिली. तिने सगळे पाठ केले होते. चौकी आहे ती दुरुस्त करावी. फाटके, रखवालदार, इमारत यांचा पैसा वळवून नव्या चौकीच्या जागेवर पाळणाघर आणि म्हाताऱ्यांची खोली बांधावी, ती चालवायला माणसे नेमावीत, आणि नळाची वेळ ठरवून द्यावी.

“पाळणाघरानं चोर थांबतात होय बाई?” मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा झाला.

अंबुबाई बसली नाही. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. “चोर किती हायत आमच्यात, ते तर विचारा,” ती नगराध्यक्षांना म्हणाली.

“विचारू की. सांगा हवालदार, चारशे बारात चोऱ्या किती?”

चोऱ्या तीन होत्या. मला तो आकडा पाठ होता. ‘मोजदाद केलेली नाही’ म्हणून खाली बसणेही मला येत होते, आणि इनामदारसाहेबांना तेच अपेक्षित होते. माझा हात खिशाकडे गेला. कागद तिथे होता, घडी घातलेला.

“वेगळं काढलेलं नाही, साहेब,” मी म्हणालो. “वाचून सांगावं लागेल.”

इनामदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी पंख्याकडे पाहिले.

“वाचा मग दोन-चार,” बाबूशेठ घड्याळ बघत म्हणाले.

मी मध्येच कुठेतरी वही उघडली.

“‘चौदा सप्टेंबर, सकाळी दहा. तीन वर्षांचा मुलगा, नाव विचारले असता ‘बाळ’ असे सांगतो. वडिलांचे नाव विचारले असता ‘बाबा’. केलेली कार्यवाही: भाकरी दिली. आई कारखान्यातून आल्यावर ताब्यात दिले.’ ‘त्याच दिवशी, सायंकाळी पावणेपाच. तोच मुलगा पुन्हा.’ ‘पंधरा सप्टेंबर, सकाळी दहा. तोच मुलगा, धाकट्या बहिणीस घेऊन.’”

पहिल्या बाकावर कोणीतरी फसकन हसले.

“‘सोळा सप्टेंबर. सायकल चोरीस गेल्याची तक्रार. केलेली कार्यवाही: शोध घेतला असता सायकल न्हाव्याच्या दुकानासमोर मिळाली. तक्रारदार दाढी करून चालत घरी गेले होते.’ ही एक चोरी, साहेब.”

आता सभागृह हसू लागले. मी पान उलटले. कोंबडीचे अंडे आले, झोपलेला नवरा आला, त्याच्यासाठी आलेला चहा आला. बाबूशेठही हसत होते आणि घड्याळाकडे बघायचे विसरले होते. पुढची नोंद डोळ्यांपुढे आली आणि मी थबकलो.

“थांबलात का? वाचा.”

“साहेब, ही राहू द्या.”

“वाचा हो.”

“‘तीन नोव्हेंबर, सायंकाळी पाच. एक वृद्ध गृहस्थ शिवाजी पेठेकडून चालत आले व वसाहतीत रस्ता चुकले. नाव आठवत नाही. ‘मी पाहुणा आहे, यजमान कामात असतात’ असे सांगतात. केलेली कार्यवाही: चहा दिला. ओळख पटल्यावर बंगल्यापर्यंत सोडले.’”

बाबूशेठ पुढे झुकले. “डोक्याला पांढरी टोपी?”

“होय, साहेब.”

“चहात साखर किती घेतली?”

“चार चमचे.”

“आमचेच,” बाबूशेठ म्हणाले. “सासरे. घरात कोणी बोललं नाही मला.” मग त्यांनी विचारले, “एकदाच आले होते?”

“नऊ वेळा, साहेब. त्यांना तिथे बरं वाटतं. नरसय्या विणकराच्या मागापाशी बसतात.”

“शेठ,” अंबुबाई म्हणाली, “फाटकं लावली तर पाहुणे आत येणार कसे?”

सगळे सभागृह हसले आणि बाबूशेठ सर्वांत उशिरा, पण सर्वांत जास्त हसले. डोळे पुसून त्यांनी विचारले, “आणि हा नरसय्या कोण?”

मी नरसय्या मामांच्या नोंदी वाचल्या. घरात इसम शिरल्याचा संशय. पाहणी केली. कोणी आढळले नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पहिल्या चार-पाच नोंदींना लोक हसले. मग हसू कमी होत गेले. दहाव्या नोंदीला फक्त पंखे ऐकू येत होते.

“हे असं किती वेळा?”

“एकशे सात.”

बाबूशेठनी समोरचे अंदाजपत्रक बाजूला सारले.

“चोऱ्या एकूण तीन,” मी वही मिटून म्हणालो. “सायकल, एक कोंबडी आणि दोरीवरचं लुगडं. लुगडं वाऱ्यानं उडालं होतं.”

“उपसूचनेला अनुमोदन कोणाचं?” बाबूशेठनी विचारले.

माझी खात्री होती की कोणी उठणार नाही. पण बाजारपेठेच्या बाकांवरून एक जाडजूड गृहस्थ हळूहळू उभे राहिले. दुकानाची फुटलेली काच त्यांचीच होती.

“काच मी केव्हाच बसवून घेतली,” ते म्हणाले. “माझं अनुमोदन.”

हात वर झाले. चौदा विरुद्ध नऊ. जेवणाची वेळ टळून तास झाला होता.

जिन्याच्या पायऱ्यांवर इनामदारसाहेबांनी मला गाठले.

“कोरे, तुम्हाला आकडा सांगायला सांगितलं होतं.”

“होय, साहेब.”

“वरिष्ठांना काय सांगू?”

“एकही सोडू नका, असा हुकूम होता म्हणून सांगा.”

ते माझ्याकडे रोखून पाहत राहिले, आणि मग त्यांच्या मिश्या हलल्या. “लुगडं वाऱ्यानं उडालं होतं,” ते स्वतःशीच म्हणाले. चार पायऱ्या उतरून ते थांबले. “त्या म्हाताऱ्याकडे आज संध्याकाळी मी येतो. चहा चांगला करतो का?”

गावी जाताना मला एस. टी. त बसवत नव्हते. महानंदा चुलीपुढे भाकरी थापत होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले, सायकल आणि सासरेबुवांसकट. ती हसत होती म्हणून मी सांगत राहिलो, आणि शेवटी सांगण्यासारखे काही उरले नाही तेव्हा थांबलो.

“मांडणीची भिंत ठरवली होती मी,” ती म्हणाली.

“हो.”

तव्यावरची भाकरी तिने उलटली. ती फुगेपर्यंत आम्ही दोघे तिच्याकडेच बघत होतो.

“न वाचता आला असतात, तर मला काय कळणार होतं? मी आनंदानं राहिले असते. तुम्हाला झोप लागली नसती, आणि मग तुम्ही मलाही लागू दिली नसती.” तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. “एकशे सात वेळा खरंच वाकून बघितलंत खड्ड्यात?”

“प्रत्येक वेळी.”

“वेडे आहात,” ती म्हणाली, आणि तो कागद नीट घडी घालून डब्यात ठेवून दिला.

जूनमध्ये त्या जागेवर लांबट इमारत उभी राहिली, पत्र्याच्या छपराची, भरपूर खिडक्यांची. एका संध्याकाळी सहा वाजता नरसय्या मामा चौकीच्या दारात आले. आवाज खाली आणला.

“सायेब, घरात कोणीतरी शिरलंय.”

मी दंडुका घेतला. इनामदारसाहेब मार्चपासून अधूनमधून माझ्याऐवजी मामांकडे जात होते आणि हा आठवडा त्यांचा होता, पण ते बंदोबस्ताला गेले होते. मामांनी दार उघडले आणि मी उंबऱ्यातच थांबलो. पुढची खोली रिकामी होती. माग नव्हता. खड्डा मातीने बुजवून, चोपून, वर शेणाने सारवलेला होता. भिंतींना चुना दिला होता आणि त्याचा वास अजून ताजा होता.

“माग कुठे गेला, मामा?”

“नव्या इमारतीत. अंबुबाईनं चार माणसं लावून नेला. म्हणाली, म्हाताऱ्यांना हातानं काही करायला पाहिजे. उद्यापास्नं मी तिथंच बसणार. शेठचे सासरे सुताच्या कांड्या भरून देणार म्हणत्यात.” त्यांनी दोरीचा चष्मा सारखा केला. “बघा की कोण शिरलंय का.”

मी सवयीने बाजेखाली वाकलो. “कोणी नाही.”

“न्हाईच,” मामा म्हणाले. “सात महिने तुम्हाला खोटं सांगितलं. आता खरंच कोणीतरी शिरा. दोन खोल्या हायत. मी मागच्या पडवीत झोपतो. भाडं नको असं म्हणत न्हाई, द्या. पण तुमची मालकीण आन् पोरगी घेऊन या.”

मामा स्टोव्हकडे वळले.

“पोलिसाला खोली देताय,” मी म्हणालो. “सोडली नाही तर?”

“न्हाई सोडली तर चौकीत तक्रार देतो,” मामा म्हणाले. “हवालदार चांगला हाय तिथला. रोज येऊन बघतो.”

महानंदाने भांड्यांची मांडणी पूर्वेच्या भिंतीला लावली. शिवलीलाने खिडकी निवडली.

जुलैच्या पहिल्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे आठला चौकी उघडली. नऊ वाजले. नळ ठरल्या वेळी सातला येऊन गेला होता. दहा वाजले. खुर्ची मोकळी होती आणि मी तिच्यात बसलो होतो. डबा भरलेला होता. साडेदहाला मी दारात जाऊन उभा राहिलो. अकराला वही उघडली, तारीख घातली, आणि लेखणी तशीच हातात राहिली. पलीकडच्या इमारतीतून मागाची खट्-खट् येत होती, आणि तिच्यावर ताल धरून पंचवीस-तीस पोरांचा आरडाओरडा.

मी चौकीला कडी घातली आणि निघालो.

दारातच शेठचे सासरे पांढरी टोपी घालून कांड्या भरत बसले होते. त्यांनी मला ओळखले नाही, पण ‘या, या’ म्हणून यजमानासारखे स्वागत केले. सकाळी दहाला हरवणारा तो मुलगा नरसय्या मामांच्या मांडीवर बसून मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा धरायला हात लांबवत होता. घागरवाल्या दोघींपैकी एक पोरांना खिचडी वाढत होती, आणि दुसरी तिला कमी वाढतेस म्हणून रागावत होती. अंबुबाईने तिथे एक वही ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याची. तिला लिहिता येत नसल्यामुळे त्या दिवशी वहीपुढे महानंदा बसली होती, कानामागे पेन्सिल खोचून.

“काय काम काढलंत, हवालदार?” अंबुबाईने विचारले.

“काही नाही. चौकीत कोणी येत नाही.”

“तक्रार हाय?”

“तसं समजा.”

“तोंडी चालत न्हाई,” अंबुबाई म्हणाली. “लिहा हो वहिनी.”

महानंदाने पेन्सिल काढली. माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावे तसे पाहिले. “नाव?”

“सदानंद कोरे.”

“राहणार?”

“विणकर वसाहत,” मी म्हणालो. हा पत्ता मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. “नरसय्या मामांच्या घरी.”

“तक्रारीचं स्वरूप?”

“चौकीत करमत नाही.”

तिने ते जसेच्या तसे लिहिले. अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते. मग शेवटच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून तिने अंबुबाईकडे पाहिले.

“आणि इथे काय लिहू?”

अंबुबाईने स्टोव्हवरचे पातेले खाली उतरवले, एक कप भरला आणि माझ्या हातात दिला.

“चहा दिला म्हणून लिहा,” ती म्हणाली.